वाचकांचे प्रश्न : साडेचौसष्टची मस्टँग आणि गळणारा काउल

प्रश्न : ओळखीच्या एका गृहस्थांची फोर्ड मस्टँग विकायची आहे. ते म्हणतात, 'ही साडेचौसष्टची आहे, शिवाय के-कोड.' दोन्हींमुळे किंमत चढते, असं ऐकलं आहे. खात्री कशी करावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : के-कोड म्हणजे मस्टँगचं जास्त ताकदीचं 289 घनइंची व्ही-8 इंजिन. दोन्ही दावे गाडीच्या पत्र्यावरच तपासता येतात. आरसी बुक किंवा दारावरची पाटी पाहून समाधान मानू नका. दारावरची पाटी नवी करून मिळते आणि दोन रिव्हेटांत बसते.

मस्टँग 17 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. किंमत 2,368 डॉलरपासून सुरू होती आणि पहिल्याच दिवशी सुमारे 22,000 गाड्यांची मागणी नोंदली गेली. अमेरिकेत पुढच्या वर्षाची मॉडेलं उन्हाळा सरताना येतात. म्हणून ऑगस्ट 1964 च्या आधी बनलेल्या मस्टँगना शौकीन मंडळी 'साडेचौसष्ट' म्हणतात. फोर्डच्या कागदावर मात्र त्या 1965 च्याच, त्यामुळे चेसिस नंबर 5 ने सुरू होतो. चौसष्टचा 4 कोणी दाखवला तर तिथूनच परत फिरा. या सुरुवातीच्या गाड्यांना डायनॅमो असे आणि डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्यावर 'जेन' (जनरेटर, म्हणजे डायनॅमो) अशी अक्षरं असत. पुढच्या गाड्यांना अल्टरनेटर आला. डायनॅमो मागाहून बदललेला असू शकतो, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका. आणखी एक खूण : उतरत्या छपराची फास्टबॅक ऑगस्टनंतरच आली, म्हणून 'साडेचौसष्टची फास्टबॅक' नावाची गाडीच नाही.

आता नंबर. बोनेट उघडा. डाव्या फेंडरला आतून एक खाच आहे, तिथे एप्रनच्या, म्हणजे फेंडरच्या आतल्या बाजूच्या पत्र्यावर नंबर ठोकलेला दिसेल. उदाहरणार्थ 5, एफ, 07, के आणि पुढे सहा आकडे. 5 म्हणजे 1965, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना (आर असेल तर सॅन होजे, टी असेल तर मेटुचेन), 07 म्हणजे हार्डटॉप, 08 कन्व्हर्टिबल, 09 फास्टबॅक. त्यापुढचं अक्षर इंजिनाचं. यू, एफ आणि डी ही अक्षरं सुरुवातीच्या गाड्यांचीच. नंतर टी म्हणजे 200 घनइंची सहा सिलिंडर, सी आणि ए म्हणजे साध्या 289 व्ही-8. के म्हणजे 271 अश्वशक्तीची 289. ती मात्र जून 1964 पासूनच मिळू लागली. तोच नंबर उजव्या एप्रनवरही असतो, पण फेंडर उतरवल्याशिवाय दिसत नाही. मोठी रक्कम मोजणार असाल तर फेंडर उतरवायला लावाच. अक्षरांभोवती घासल्याच्या खुणा किंवा वेल्डिंगची रेघ दिसली तर व्यवहार थांबवा.

सहा सिलिंडरच्या गाडीत व्ही-8 बसवून 'के' म्हणून विकण्याचा प्रकार जुना आहे. अशी गाडी खालून पकडता येते. सहा सिलिंडरच्या चाकाला चार नट असतात, व्ही-8 ला पाच. के-कोडला मागे नऊ इंची डिफरन्शिअल (मागच्या चाकांना फिरवणारी गिअरची पेटी), साध्या व्ही-8 ला आठ इंची. दोन्ही दिसायला सारखे. गाडी स्टँडवर घेऊन डिफरन्शिअलच्या पुढच्या तोंडाच्या सगळ्यात खालच्या दोन नटांवर सॉकेट लावून पाहा. सॉकेट सरळ बसला तर आठ इंची. मध्ये पेटीचं ओतीव लोखंड आडवं येऊन रिंग पानाच घ्यावा लागला तर नऊ इंची. इंजिन चालू केल्यावर के-कोडच्या सॉलिड टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) बारीक टिकटिक ऐकू येते. ती दोष नाही. पूर्ण गप्प इंजिन असेल तर आत काय बसवलंय ते विचारा.

प्रश्न : आमची 1966 ची मस्टँग पावसाळ्यात आतून ओली होते. गालिचा कुजला. दाराची रबरं बदलली तरी तेच.
— एक वाचक, प्रभात रस्ता

उत्तर : रबरांचा दोष नाही, काउलचा, म्हणजे बोनेट आणि पुढची काच यांच्यामधल्या पोकळ पत्र्याचा आहे. पुढच्या काचेच्या पायथ्याशी जाळीच्या फटी आहेत, त्यांतून हवेबरोबर पाणीही आत जातं. आत हवेच्या दोन भोकांभोवती उभ्या कडा आहेत, टोपीसारख्या. त्या असेपर्यंत पाणी बाजूने फेंडरमागून खाली पडतं. गुलमोहराची बारीक पानं फटींतून गेली की तिथे चिखल होतो, तो महिनोन्‌महिने ओला राहतो आणि कडा गंजतात. मग पाणी थेट पायाशी.

चाचणी सोपी आहे. गालिचा काढा, एकाला टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घालायला सांगा आणि काउलवर अर्धी बादली पाणी हळूहळू ओता. डावीकडे गळतं की उजवीकडे, ते लगेच कळेल. चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात, पण गंजलेल्या पत्र्यावर चिकटवलेली वस्तू फार टिकत नाही. पक्कं काम म्हणजे फेंडर आणि काच उतरवायची, वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड एकेक ड्रिल करून तो सोडवायचा, टोप्यांचा पत्रा नवा घालायचा, सांध्यांत सीलर भरायचा, मगच पुन्हा वेल्ड. काम वेळखाऊ आहे, पण फ्लोअर बदलायचा असेल तर आधी हेच करा. नाहीतर नवा फ्लोअरही त्याच पाण्याने जाईल. कन्व्हर्टिबल असेल तर फ्लोअर कापण्यापूर्वी दोन्ही दारांच्या चौकटींत आडवे अँगल वेल्ड करून घ्या. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच भार उचलते. आधार नसेल तर ती मध्ये वाकते आणि दारं पुन्हा बसत नाहीत.

प्रश्न : इथेनॉलच्या पेट्रोलवर मस्टँगचं 289 इंजिन चालेल का?
— एक वाचक, औंध

उत्तर : चालेल. आधी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे जुने रबरी पाइप बदला. ते इथेनॉलने मऊ पडून गळतात आणि खाली तापलेलं इंजिन असतं. पंपाचा आणि कार्ब्युरेटरचा डायफ्रामही इथेनॉलला टिकणारा घ्या. प्लगचं टोक पांढरं पडू लागलं तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक-दोन नंबर मोठा घाला. के-कोडचं कॉम्प्रेशन 10.5 आहे, त्याला 91 ऑक्टेनचं पेट्रोल देऊ नका. चढावर इंजिनाची खडखड ऐकू येईल.

प्रश्न : 'व्हीए' नंबर घ्यावा का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : 'व्हीए' म्हणजे विंटेज गाडीचा खास नोंदणी क्रमांक. 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांवरच्या गाडीला तो मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. नंतर 5 वर्षांसाठी 5,000. पण त्यावर रोजची ये-जा करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. शिवाय इंजिन, चेसिस किंवा बॉडीत मोठा बदल केलेला चालत नाही, म्हणून सहाच्या जागी व्ही-8 बसवलेली गाडी तिथे अडू शकते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.