भट्टीतल्या ३०४ स्टेनलेसच्या ट्रेला खपल्या सुटतात. कोणता रंग लावावा?

आपली विजेची भट्टी ९०० अंश सेल्सिअसला चालते, ३०४ स्टेनलेसचे ट्रे रोज आत-बाहेर होतात आणि काही महिन्यांतच त्यांना काळ्या खपल्या सुटतात, असे आपण लिहिले आहे. उष्णतोपचाराच्या कामात मी बरीच वर्षे आहे आणि रंगावर खर्च करण्यापूर्वी आपण थोडे थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ॲल्युमिनियमयुक्त सिलिकॉन रंग साधारण ६०० अंशांपर्यंतच टिकतो, आणि जस्ताचा लेप द्यावा म्हटले तर जस्त ४२० अंशांच्या आतच वितळते.

साधे लोखंड ५७० अंशांच्या वर तापले की त्यावरच्या ऑक्साइडचा सर्वांत आतला व सर्वांत जाड थर वुस्टाइटचा, म्हणजे लोहाच्या एका ऑक्साइडचा, असतो. त्याच्या स्फटिकात लोहाच्या पुष्कळ जागा रिकाम्या असल्यामुळे त्यांतून लोह सतत बाहेर सरकते आणि थर भराभर वाढतो. ३०४ मधल्या सुमारे १८ टक्के क्रोमियमपासून पृष्ठभागावर जो क्रोमियम ऑक्साइड तयार होतो, त्यातून मात्र धातूचे अणू फार सावकाश सरकतात. शिवाय थर जाड होईल तसा त्यांचा रस्ताही लांबतो, म्हणून जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो. हा नियम कार्ल वॅग्नर यांनी १९३३ मध्ये सिद्धान्तरूपाने मांडला, पण थर अखंड राहिला तरच तो लागू पडतो.

आपल्याकडे नेमका तो अखंड राहत नाही. तीनशे मिलिमीटर लांबीचा ट्रे ९०० अंशांवरून खोलीच्या तापमानाला येताना जवळजवळ पाच मिलिमीटर आकसतो, तर तेवढ्याच लांबीचा सुटा ऑक्साइड जेमतेम दोन. ट्रे बाहेर काढून ठेवल्यावर जी बारीक तडतड ऐकू येते, ती हा थर फुटून उडण्याची. दर खेपेस नव्या थरासाठी आतले क्रोमियम खर्ची पडते, पृष्ठभागालगत ते कमी पडू लागले की लोहच जळू लागते. म्हणूनच या पोलादाची मर्यादा अखंड तापवल्यास सुमारे ९२५ अंश आणि वारंवार थंड केल्यास ८७० अंश अशी वेगवेगळी दिली जाते. खपल्या लोहचुंबकाला चटकन चिकटत असतील तर त्यांत मॅग्नेटाइट हा लोहाचा चुंबकीय ऑक्साइड आहे, म्हणजे लोह जळू लागले आहे. असा ट्रे वाचवण्यात आता अर्थ नाही.

नवे ट्रे ३१० या दुसऱ्या प्रकारच्या स्टेनलेसचे करावेत. त्यात सुमारे २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेल असते आणि थंड-गरम होत राहूनही ते सुमारे १०३५ अंशांपर्यंत चालते. मात्र ६५० ते ९०० अंशांच्या टापूत फार काळ राहिल्यास त्यात सिग्मा नावाची ठिसूळ प्रावस्था (धातूच्या आतली वेगळ्या रचनेची अवस्था) तयार होते, त्यामुळे जुना ट्रे आपटू नये. ३०४ च वापरायचे असेल, तर ॲल्युमिनायझिंग करून घ्यावे. त्यात ॲल्युमिनियमची भुकटी, ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) व नवसागर यांच्या मिश्रणात वस्तू पुरून बंद पेटीत काही तास तापवतात. ॲल्युमिनियम पृष्ठभागात मुरते आणि पुढे भट्टीत त्यावर ॲल्युमिनाचा थर धरतो, जो क्रोमियम ऑक्साइडपेक्षाही सावकाश वाढतो. हा मुरलेला थर ठिसूळ असतो, म्हणून वाकवणे, भोके पाडणे आणि वेल्डिंग ही सारी कामे त्यापूर्वीच उरकून घ्यावीत.