रुंद टायर आणि मडगार्ड एकत्र बसतील का?

प्रश्न : माझ्या पोलादी सायकलला ७०० × २८ (म्हणजे २८ मिमी रुंद) टायर आहेत. पावसाळ्यात खड्ड्यांतून रोज कामावर जावे लागते, म्हणून ३५ मिमीचे टायर व पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवायचे आहेत. जमेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : खरा प्रश्न रिमचा नसून जागेचा आहे. टायर जितका रुंद होतो, जवळजवळ तितकाच तो उंचही होतो. म्हणजे आज चिमट्याच्या (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या) माथ्याखाली जी फट आहे, तीतून सुमारे ७ मिमी वजा होतील आणि उरलेल्या जागेत मडगार्डची जाडी बसवून टायरभोवती किमान ५-६ मिमी मोकळे राहिले पाहिजेत. ५ मिमीची ॲलन की (षटकोनी पाना) घ्या आणि ती ब्रेकच्या कमानीखाली, चिमट्याच्या दोन्ही बाजूंना व मागे पेडलजवळच्या दांड्यांमध्ये फिरवून पाहा. ती जुन्या टायरलाच घासत असेल, तर विषय तिथेच संपला. पुढे जागा असून मागे नसणे, हेही नेहमीचेच.

मडगार्ड टायरपेक्षा ८-१० मिमी रुंद घ्यावे, म्हणजे ३५ ला ४५ च्या आसपास. पुढच्या मडगार्डच्या बाबतीत काटकसर नको : अरुंद फटीत काटकी अडकली, की चाक जागीच थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो, म्हणून धक्क्याने सुटणाऱ्या क्लिपांच्या तारा असलेलेच मडगार्ड घ्यावे. वळताना बूट त्याला लागतो का, तेही तपासावे. जागा अपुरी पडल्यास ३२ मिमीवर समाधान मानावे. माझ्या मते पावसात मडगार्ड सोडण्यापेक्षा ३ मिमी सोडणे बरे.