केटीएम ड्यूक ३९० चा क्लच घसरतोय. मेकॅनिक कडक स्प्रिंगचा आफ्टरमार्केट (कंपनीचा नसलेला, बाहेरचा) सेट टाकायला सांगतोय, टाकू का?

अजून पैसे देऊ नका. तुम्ही लिहिलंय की गाडी २८ हजार किलोमीटर झालीय, रोज कासारवडवली ते अंधेरी जाता, पाचव्या-सहाव्या गिअरला रेस दिली की आरपीएम चढतं पण गाडी पळत नाही, आणि गॅरेजवाल्याने ‘हेवी ड्युटी’ स्प्रिंग आणि प्लेटचा सेट सुचवलाय. हे वाचताना मला माझी २०१४ ची कावासाकी निन्जा ६५० आठवली. मीही असाच सेट टाकला होता आणि चार महिन्यांत काढला.

तेव्हा मी ठाण्याहून सीप्झला जायचो. एका सर्व्हिसिंगनंतर आठवडाभरात क्लच घसरायला लागला. मेकॅनिक म्हणाला, पॉवरची गाडी आहे, मूळ स्प्रिंगला झेपत नाही. कडक स्प्रिंग बसवल्या आणि घसरणं खरंच थांबलं. पण माजिवड्याच्या तिसऱ्या सिग्नलपर्यंत डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. संध्याकाळी घरी पोचल्यावर त्या हातात भाजीची पिशवी धरवत नसे. आणि चार महिन्यांनी क्लच पुन्हा घसरला.

या वेळी कव्हर उघडताना मी शेजारी उभा होतो. जळका, उग्र वास आला. क्लच म्हणजे एकाआड एक रचलेल्या स्टील प्लेट आणि अस्तर लावलेल्या फ्रिक्शन प्लेट. त्यातल्या स्टील प्लेटवर निळे-जांभळे डाग पडले होते. एक प्लेट आम्ही खिडकीच्या काचेवर ठेवली, तर एका बाजूने तिच्याखाली फीलर गेजचं (फट मोजायचं) पातं आरामात सरकलं. म्हणजे तापून वाकलेली. फ्रिक्शन प्लेटचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालेलं. मग मी जुन्या बिलावर ऑइलचं नाव पाहिलं. ते कारचं ऑइल होतं.

सगळी गोम इथेच आहे. आपल्या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या कित्येक ऑइलमध्ये, विशेषतः पातळ ग्रेडच्या, मायलेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं असतात. कारचा क्लच इंजिन ऑइलबाहेर असतो, त्याला फरक पडत नाही. आपल्या प्लेटना मात्र घर्षणच हवं असतं. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ बघायचं, दुचाकीच्या ऑइलचं हे जपानी मानक आहे. ‘एमबी’ असेल तर ते स्कूटरसाठी, आपल्या कामाचं नाही.

क्लच किती टॉर्क पेलतो हे चार गोष्टींवर ठरतं: स्प्रिंगचा दाब, अस्तराचं घर्षण, प्लेटची त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. कंपनी इंजिनच्या टॉर्कपेक्षा थोडी जास्त ताकद राखून क्लच बनवते. चुकीच्या ऑइलने माझं घर्षण खाल्लं आणि मी स्प्रिंगचा दाब वाढवून ती तूट भरत बसलो. दाब दहा टक्के वाढवला की पकड दहा टक्के वाढते, पण लिव्हरही साधारण तेवढाच जड होतो, शिवाय केबल आणि रिलीज बेअरिंगवर (लिव्हर दाबल्यावर प्लेट सोडवणाऱ्या बेअरिंगवर) भार पडतो. मूळ रोग तसाच राहतो.

तुमच्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तुमची ड्यूक २०१७ नंतरची असेल तर तिला असिस्ट-स्लिपर क्लच आहे. त्याच्या हबवर, म्हणजे प्लेटच्या मधल्या भागावर, उतरते कंगोरे असतात. रेस दिली की ते प्लेट आवळून धरतात, म्हणून स्प्रिंग मुळात मऊ ठेवता येतात आणि लिव्हर हलका लागतो. झटकन खालचे गिअर टाकले की तेच कंगोरे प्लेट सैल करतात आणि मागचं चाक उडत नाही. यात कडक स्प्रिंग घातल्या की दोन्ही फायदे जातात. हलका लिव्हर जड होतो आणि स्लिपर उशिरा काम करतो. पावसात घाटात उतरताना तो उशीर नको वाटतो.

आता करायचं काय, तर आधी फुकटचं काम. इंजिन थंड असताना लिव्हरचा फ्री प्ले बघा, म्हणजे केबल ताणली जाण्याआधी लिव्हर किती मोकळा हलतो ते. किती हवा तो नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. प्लेट झिजतात तसा केबलचा फ्री प्ले कमी होत जातो. तो शून्यावर आला की क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि घसरतो. कित्येकदा ॲडजस्टर दोन आटे फिरवला की भागतं. ते झालं की शेवटच्या सर्व्हिसिंगचं बिल काढा आणि ऑइल बघा. शंका असेल तर ऑइल आणि फिल्टर बदलून दोनशे-तीनशे किलोमीटर चालवा. तरीही घसरला तर उघडायचा, आणि तुमच्यासमोर. फ्रिक्शन प्लेटची जाडी व्हर्नियरने मोजायची, स्प्रिंगची मोकळी लांबी मोजायची, स्टील प्लेट काचेवर ठेवायच्या, बास्केटच्या (प्लेट ज्यात बसतात त्या डब्याच्या) बोटांवर नख फिरवायचं. नख अडकलं तर खाचा पडल्यात. मग न्यूट्रल नीट लागत नाही आणि क्लच झटके देत पकडतो. नव्या फ्रिक्शन प्लेट बसवायच्या आधी ऑइलमध्ये भिजवून ठेवायला सांगा, घाईत हे राहतं.

२८ हजार किलोमीटर आणि घोडबंदर रोडचं ट्रॅफिक म्हटल्यावर तुमच्या प्लेट खरंच संपल्या असतील. तसं असेल तर कंपनीच्याच प्लेट आणि कंपनीच्याच स्प्रिंग. तुमच्या इंजिनाला तेवढं पुष्कळ आहे. बाहेरचा सायलेन्सर लावला असला तरी हेच म्हणेन.

बाहेरचा माल वाईट असतो असं अजिबात नाही. इंजिन मोठं केलंय, टर्बो बसवलाय, ड्रॅग रेसला उतरताय, तर बार्नेटसारख्यांच्या स्प्रिंग-प्लेट घ्या. डर्ट बाइकच्या बास्केटला खाचा पडून कंटाळला असाल तर हिन्सनची बास्केट. जुन्या गाडीला स्लिपर नाही आणि ट्रॅकवर जाता, तर एसटीएम किंवा सुटरचा स्लिपर क्लच, आणि तो पैसा सत्कारणी लागतो, वळणाआधी गिअर पाडताना फरक हाताला कळतो. पण आपण मुंबईत चालवतो. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, पुण्याचा एक्सप्रेसवे, सगळीकडे दुचाकीला बंदी. आपल्या वाट्याला येतो तो सिग्नल, मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि हाफ क्लच, म्हणजे लिव्हर अर्धवट दाबून गाडी चालवणं. प्लेट तापतात त्या या हाफ क्लचमध्ये, म्हणून लांब सिग्नलला न्यूट्रल करा, आणि रांग सरकत असेल तर क्लचवर गाडी तोलून धरण्यापेक्षा थोडी जागा होऊ द्या आणि मग क्लच एकदाच पूर्ण सोडा.

फ्री प्ले किती निघाला आणि ऑइल कोणतं होतं ते कमेंटमध्ये लिहा. उघडावाच लागला तर स्टील प्लेटचे आणि बास्केटच्या बोटांचे जवळून फोटो टाका, बास्केट बदलायची की नाही ते त्यावरून सांगतो.