वाचक विचारतात : पार्किंगला फ्लेक एपॉक्सी केलं तर टिकेल का?

प्रश्न : घराखालचं पार्किंग साधारण ३०० स्क्वेअर फूट आहे, खाली कोबा. दोन वर्षांपूर्वी एकाकडून साधं ग्रे एपॉक्सी (दोन भाग कालवून मारायचा, वाळला की कडक होणारा कोट) मारून घेतलं, पहिल्याच पावसाळ्यात गाडीचे टायर उभे राहतात तिथले पोपडे निघाले. आता मुलगा म्हणतो रंगीत टिकल्यांचं फ्लेकवालं करू, ते जास्त टिकतं. तीन कोटेशन आलीत, भाव एकदम वेगवेगळे आणि तिघंही म्हणतात दहा वर्षं बघायला नको. कुणाला काम द्यावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : काका, टिकल्यांनी फरशी टिकत नाही हो. त्या पातळ प्लास्टिकच्या चकत्या, दिसायला छान, धूळ-डाग झाकतात, पायाला थोडी पकड देतात, बास. टिकाऊपणा ठरतो तो त्यांच्या खालच्या कोब्यावर नि वरच्या क्लिअर कोटवर.

आधी एक काम करा, जुना एक पोपडा उचलून उलटा करून बघा. मागे सिमेंटची भुकटी चिकटलेली असेल तर कोब्याचा वरचा कच्चा थर न घासताच रंग मारला होता, मागची बाजू स्वच्छ गुळगुळीत असेल तर त्याने धरलंच नव्हतं, खाली ऑइल तरी असेल नाहीतर घोटून गुळगुळीत केलेला कोबा, आणि खाली ओल दिसली तर मग गोष्टच वेगळी. टायरखालीच निघालं यात नवल नाही, गाडी चालवून आणली की टायर गरम असतो, पातळ कोट त्याने मऊ पडतो, टायर गार होताना त्याला धरून ठेवतो आणि गाडी काढताना सोबत उचलून नेतो.

ओलीची टेस्ट फुकटात होते. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक घ्यायचं, कोब्यावर चारी कडा टेपने बंद करायच्या, किमान १६ तास ठेवायचं. आतून पाणी जमलं किंवा कोबा काळा पडला तर खालून ओल येतेय. फक्त ही टेस्ट मे महिन्यात करून स्वतःची समजूत घालू नका, ऑगस्टमध्ये करा आणि काम दिवाळीनंतर काढा. ओल येत असेल, किंवा २०१९ सारखं कृष्णेचं पाणी तुमच्या गल्लीत शिरत असेल, तर माझं स्पष्ट मत, एपॉक्सीचा नाद सोडा नि पेव्हर ब्लॉक टाका, ते ओल खालून वर जाऊ देतात.

कोरडं असेल तर कोटेशन असं वाचा. ३०० स्क्वेअर फूट म्हणजे जवळपास २८ चौरस मीटर, त्यावर १ मिलिमीटर जाडी द्यायची तर २८ लिटर माल लागतो, साधा गुणाकार आहे. जो चार लिटरच्या एका डब्यात सगळं उरकतो त्याची जाडी फार तर ०.१४ मिलिमीटर झाली, आणि त्यात पाणी किंवा थिनर असेल तर ते उडून गेल्यावर त्याहून कमी. म्हणून कामाच्या दिवशी खुर्ची टाकून बसा आणि डबे मोजा, मी मोजतो, लोक हसतात.

जुना कोट सगळा डायमंड ग्राइंडरने, म्हणजे कोबा घासायच्या मशीनने, निघाला पाहिजे, पोपड्यांवर नवीन मारलं तर दोन्ही मिळून निघतील. 'ॲसिडने धुऊन देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून पाठवून द्या, ॲसिडने जुना रंग निघत नाही, वर फरशी ओली होते ती निराळी.

वरचा कोट कशाचा हे नक्की विचारा. एपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, तुमचं पार्किंग एका बाजूने उघडं असेल तर वर उन्हाला टिकणारा पीयू (पॉलीयुरेथेन) किंवा पॉलीअस्पार्टिक या प्रकारचा कोट हवा. तो निसरडा होतो, त्यात बारीक ग्रिट, म्हणजे खरखरीत कण, टाकायला सांगा.

एपॉक्सी म्हणजे आपल्या एम-सीलचंच पातळ भावंड, दोन भाग नीट मापात मिसळले नाहीत तर चिकटच राहतं, कालवलेलं बादलीत ठेवलं तर तापून घट्ट होतं. हार्डनर अंदाजाने ओतणारा माणूस दिसला तर तिथंच थांबवा. गाडी आठवडाभर बाहेर.

थोडक्यात, ज्याने ग्राइंडिंग, जाडी आणि वरचा कोट लेखी दिलाय त्याला काम द्या, महाग असला तरी. दहा वर्षांच्या गॅरंटीखाली बारीक अक्षरात 'ओल आल्यास जबाबदारी नाही' लिहिलंय का तेही बघून घ्या.

प्रश्न : हॉलमध्ये आजेसासूबाईंच्या काळातली मोझॅक फरशी आहे, मळकट झालीय. त्यावर फ्लेक एपॉक्सी करता येईल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, येईल, पण कशाला? मोझॅकच्या चिप्स खऱ्या संगमरवराच्या, त्या झाकून वर प्लास्टिकच्या टाकायच्या! मशीनने घासून पॉलिश करून घ्या, त्यातच फरशी उजळेल.

प्रश्न : गच्चीवर चालेल का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : नको. ऊन आणि कोकणातला पाऊस, दोन्ही त्याचे वैरी. वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा.