जागतिक विकास धोरणाच्या केंद्रस्थानी कुटुंब असावे का?

होय, असावे, कारण शिक्षण, आरोग्य आणि रोजगार यांच्या वेगवेगळ्या खात्यांतून आलेल्या योजना अखेर एकाच घरात पोहोचतात आणि तिथे त्या एकमेकींना पूरक ठरतात किंवा छेद तरी देतात. पुण्यातील जनता वसाहतीसारख्या वस्तीत आई सकाळीच धुणीभांडी करायला बाहेर पडते आणि धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी शाळा बुडवते. आईला काम मिळाल्याचे समाधान सर्वांनाच असते, पण मुलीच्या बुडालेल्या शाळेशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही आणि जवळच्या पाळणाघराने दोन्ही प्रश्न सुटले असते हे लक्षातच येत नाही. ब्राझीलने २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘बोल्सा फमिलिया’ योजनेत हा संबंध जोडलेला आहे: गरीब कुटुंबाला, शक्यतो आईच्या हाती, रोख मदत मिळते आणि त्या मदतीला मुलांची शाळेतील हजेरी व लसीकरण यांची अट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधील ५.४ हे लक्ष्यही घरातील विनामोबदला कामाची दखल घ्यायला आणि त्याची जबाबदारी वाटून घ्यायला सांगते, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. मात्र कुटुंब नेहमी एकमताने व न्यायाने चालते असे गृहीत धरू नये. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातील सर्वांत ज्येष्ठ प्रौढ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले हे योग्यच झाले. पण घरात मारहाण सोसणाऱ्या, परित्यक्ता किंवा एकट्या स्त्रीला तिचा हक्क स्वतंत्रपणे, कुणाच्याही कुटुंबाचा आधार न दाखवता मिळालाच पाहिजे.