जुनी कॅम्पर व्हॅन घेऊन जर्मनीहून क्रोएशियाला जायचंय. तयारी काय करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की श्टुटगार्टजवळ राहता, 1989 ची फोक्सवॅगन टी3, 1.6 टर्बोडिझेल, नुकतीच घेतलीय, ऑगस्टमध्ये बायको आणि दोन मुलांसह क्रोएशियाच्या किनाऱ्यावर जायचंय, आणि हाताशी पैसे मोजके असल्याने आधी सोलर पॅनल बसवावं की बाजूचा मांडव, ते ठरत नाहीये.

दोन्ही नको. पैसे रबरावर घाला.

माझी टी3 तुमच्या गाडीहून वर्षभराने थोरली आहे आणि इंजिन तेच. या गाड्यांचं लोखंड गंजलेलं असलं तर दिसतं, गाडीची सक्तीची तपासणी करणारा ट्यूफवालाही दाखवून देतो. रबर, म्हणजे होज पाइप, बेल्ट, टायर, मात्र वरून काळंकुळीत, छान दिसतं आणि आतून मेलेलं असतं. गावात दूध आणायला जाताना ते काही बोलत नाही. भरलेली गाडी, तीस-बत्तीस अंशांचं ऊन आणि आल्प्सचा चढ एकत्र आले, की बोलतं.

सगळ्यात आधी कूलिंग. टी3 चं इंजिन मागे, झोपायच्या गादीखाली, आणि रेडिएटर पार पुढे नाकात. दोघांमध्ये गाडीच्या पोटाखालून लांबच लांब पाइप गेलेले, त्यामुळे कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, सोळा-सतरा लिटर लागतं आणि हवा अडकायला जागा भरपूर. पहिल्या ट्रिपच्या दोन आठवडे आधी मी एका गॅरेजमध्ये कूलंट बदलून घेतलं होतं. त्याने ओतलं, टाकी भरली, बिल दिलं. साल्झबुर्गच्या पुढे टाउअर्न बोगद्याआधीचा चढ लागला आणि तापमानाचा काटा सरकायला लागला. आपल्याकडे घाटात करतात तसं मी हीटर पूर्ण उघडला, तर आतून गार हवा! तेव्हा मला अर्थ कळला नाही, आता सांगतो: इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे तिथे पाणी पोचतच नाहीये, पाइपात हवा आहे. मग काट्याच्या मधला लाल दिवा लुकलुकायला लागला. पोरं, बायको, मी, सगळे नारिंगी जाकिटं घालून कठड्यापलीकडे तासभर उभे. लहानपणी खंबाटकीत बोनेट उघडून उभे असलेले ट्रक बघायचो, त्यांची आठवण झाली. आम्हाला उघडायला बोनेटही नव्हतं.

हवा काढायची रीत शिकून घ्या, अवघड नाही. पुढची वरची जाळी काढली की रेडिएटरच्या माथ्याशी एक स्क्रू दिसतो. गाडीचं नाक उंच करायचं, हीटर गरमवर, इंजिन चालू, आणि त्या स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत मागे टाकीत कूलंट घालत राहायचं. नंतर गाडी जागेवर चालू ठेवून पुढचा पंखा आपोआप सुरू होतोय का, हे थांबून बघा. त्याला बराच वेळ लागतो, चहा पिऊन होतो. पंखा लागला नाही तर थर्मोस्विच किंवा फ्यूज तपासा, तसे निघू नका. टाकीचं झाकण नवं घ्या. ते दाब धरत नसेल तर बाकी सगळं चांगलं असूनही पाणी उकळतं. लाल आणि निळं कूलंट एकत्र करू नका, जुन्या प्रकारांचा तपकिरी चिखल होतो. होज पाइप थंड असताना दाबून बघा. दगडासारखा कडक किंवा लोण्यासारखा मऊ, दोन्ही वाईट. पोटाखालचे पाइप प्लास्टिकचे असतील तर टोकाशी बोट फिरवून ओल लागते का बघा. आणि तापलेलं झाकण कधीही उघडू नका, कितीही घाई असली तरी.

डिझेलचे होज सगळे बदला, उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्नच्या बारीक नळ्यांसकट. मीटरच्या भावात मिळतात आणि काम एका दुपारचं. ब्रेकचे रबरी होज आणि ब्रेक ऑइलही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्यातलं पाणी उकळून पॅडल थेट खाली जातं. दोन वर्षांत बदललंय असा कागद हातात नसेल तर बदललेलं नाही असं समजा. टायमिंग बेल्टचंही तसंच. विकणाऱ्याचं ‘झालंय बहुतेक’ धरू नका. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, पुढची ट्रिप टो ट्रकमधून.

टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांपुढे बनल्याच्या तारखेचे चार आकडे असतात: 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसते म्हणून फसू नका, कॅम्परचे टायर झिजून नाही, उभे राहून मरतात. घेताना साध्या कारचे घेऊ नका, 185 आर 14 सी, त्यातला ‘सी’, म्हणजे जादा भार पेलणारा, महत्त्वाचा. स्टेपनी पुढे पोटाखाली ट्रेमध्ये असते आणि तिचा बोल्ट गंजून बसलेला असतो. माझा उघडायला लोखंडी पाइप घालून पान्याचा दांडा लांब करावा लागला, तोही घरच्या अंगणात. एकदा उघडून, ग्रीस लावून पुन्हा बसवा.

मुलांचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. बारा वर्षांच्या आतली आणि 150 सेंमीपेक्षा बुटकी असतील तर चाइल्ड सीट लागणार, आणि त्या काळच्या कितीतरी कॅम्परमध्ये मागच्या बाकावर फक्त कमरेचा पट्टा असतो. बहुतेक चाइल्ड सीटना तीन बिंदूंचा लागतो. तो बसवून, तपासून, कागदावर चढवून घ्यायला आठवडे जातात, म्हणून आजच मागे जाऊन बघा. खरं तर हे कूलिंगच्याही आधी लिहायला हवं होतं.

गॅस: रेग्युलेटर आणि होज दहा वर्षांपेक्षा जुने नकोत, आणि जी607 नावाची गॅसच्या जोडणीची तपासणी दर दोन वर्षांनी. जुन्या शेगड्या 50 मिलिबारच्या असतात, नवे रेग्युलेटर 30 चे. शेगडीवरची पट्टी वाचून मगच घ्या. फ्रिज तीन प्रकारे (गॅस, 12 व्होल्ट, घरची वीज) चालणारा असेल तर 12 व्होल्टवर फक्त गाडी चालू असताना, नाहीतर सकाळी बॅटरी बसलेली असते. प्रेशर कुकर न्यायचा असेल तर त्याचीही जादा रिंग घ्या. आमची क्रोएशियाच्या क्र्क बेटावर चिरली आणि चार दिवस पातेल्यातली खिचडी खाल्ली.

कागदपत्रं: फारत्सॉइगशाइन, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, मूळ प्रतीतलं. गाडीला एच नंबरप्लेट (जुन्या, जपलेल्या गाड्यांची) नसेल तर ती करून घ्या. त्याशिवाय तुमचं डिझेल श्टुटगार्टच्या पर्यावरण क्षेत्रात, म्हणजे जास्त धुराच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागात, चालवताच येत नाही, क्रोएशिया लांबच. ऑस्ट्रियाचं व्हिन्येट (महामार्गाच्या टोलचा पास) घ्या, पण टाउअर्न आणि कारावांकेनच्या बोगद्यांचा टोल त्यात येत नाही. स्लोव्हेनियाचं व्हिन्येट ऑनलाइन, आणि कॅम्पर म्हणून नोंद असेल तर उंची कितीही असो, टोलचा 2ए गट. काउंटरवर 2बी चं महाग काढून देऊ पाहिलं तर शाइन दाखवा. एडीएसी या जर्मन वाहनचालकांच्या मदत-क्लबचं साधं सदस्यत्व जर्मनीपुरतं असतं, युरोपासाठी प्लस लागतं. डुब्रोव्हनिकला जाणार असाल तर जुलै 2022 मध्ये उघडलेल्या पेल्येशाट्स पुलावरून जा. पूर्वी नेउमपाशी बॉस्नियातून जावं लागायचं, भारतीय पासपोर्टवाल्यांना ती सीमेवरची धाकधूक आता नाही. रस्त्याकडेला कुठेही झोपायचा बेत मात्र सोडा, तिथे ते बेकायदेशीर आहे आणि दंड करतात.

निघायच्या महिनाभर आधी एक रंगीत तालीम करा. गाडी ट्रिपसारखीच भरा, पाणी, पोरं, सायकली, सगळं. आधी वजनकाट्यावर नेऊन शाइनमधल्या एफ.2 च्या, म्हणजे परवानगी असलेल्या कमाल वजनाच्या, आकड्याशी ताडून बघा. मग दुपारच्या उन्हात ए8 महामार्गाने उल्मकडे निघा. आइशेलबेर्गचा आणि पुढे ड्राकेनश्टाइनचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रकांच्या मागे, घाई न करता. वर पोचल्यावर पार्किंगमध्ये थांबून गाडीखाली पुठ्ठा सरकवा आणि वीस मिनिटांनी त्यावर काय ठिबकलंय ते बघा. मी तो पुठ्ठा अजून जपून ठेवलाय, पहिल्या वर्षी त्यावर तीन रंग होते.

एक राहिलं. क्रोएशियातल्या झादार शहराच्या अलीकडे स्वेती रोक बोगद्यातून बाहेर पडलात की वेलेबिट डोंगरावरून बुरा नावाचा वारा अंगावर येतो, अचानक. जोर वाढला की मास्लेनित्साचा पूल आधी कॅम्पर आणि दुचाकींना बंद करतात. पाटीवर तसं दिसलं तर बोगद्याआधीच्या पंपावर थांबा. आम्ही एकदा रात्रभर थांबलो होतो, वर उघडणाऱ्या टपाचं कापड न उघडता, चौघं खालीच.