पावसात सोल सुटतो तेव्हा दोष कुणाचा? पादत्राणे उद्योगाची प्रश्नोत्तरे

जून लागला की एकच तक्रार वेगवेगळ्या अक्षरांत येऊ लागते : मशीन नवे, सोल्युशन (सोल चिकटवायचा पातळ गोंद) चांगल्या कंपनीचे, तरी सोल सुटतो. गोव्यात कुंडई असो की डिचोली, उत्तर बहुधा एकच असते. म्हणून यंदा ते एकदाच सविस्तर देतो. बाकीचे प्रश्न ज्याच्या त्याच्या मापाने.

प्रश्न : आम्ही लेदर अप्परला (बुटाच्या वरच्या भागाला) रबर सोल पीयू (पॉलियुरेथेन) सोल्युशनने लावतो. फेब्रुवारीतला माल उत्तम, जुलैतला पंधरा दिवसांत टाचेकडून उघडतो. विक्रेता म्हणतो हार्डनर दुप्पट करा. करावा का? (कुंडई)

उत्तर : करू नका. हार्डनर, म्हणजे सोल्युशन पक्के करायला त्यात घालायचे रसायन, हे आयसोसायनेट असते. पाणी मिळाले की ते आधी पाण्याशी लागते. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, थरात बारीक फोड राहतात आणि ज्या कामासाठी हार्डनर घातला ते अर्धवटच होते. दुप्पट घातलात तर भांड्यातले सोल्युशन लवकर घट्ट होईल, थर कडक होईल आणि गरम केल्यावर दोन थर एकमेकांना धरणार नाहीत. वजनाने शंभराला 3 ते 5 हे नेहमीचे प्रमाण. तुमच्या सोल्युशनचा नेमका आकडा त्याच्या तांत्रिक पत्रकात असतो. तोलून घाला. बुचाने मोजणे बंद करा. कालवलेले सोल्युशन काही तासांतच संपवायचे असते, उरलेले दुसऱ्या दिवशीच्या डब्यात ओतायचे नसते. हार्डनरचा डबा पावसात उघडा राहिला तर तोही बाद समजा.

आता मूळ दुखणे. सोल्युशन पातळ ठेवणारे सॉल्व्हंट (एमईके, ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट) उडताना थराची उष्णता घेऊन जातात. हाताला सॅनिटायझर लावल्यावर गार लागते, तोच प्रकार. थर भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी गार होतो. हवा 28 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 60 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले पाणी धरू लागते तो, 19.5 अंशांच्या आसपास असतो. थर सहसा इतका खाली उतरत नाही. आर्द्रता 90 टक्के झाली की तोच दवबिंदू 26 अंशांवर येतो. म्हणजे थर जेमतेम दोन अंशांनी गार झाला की त्यावर पाणी धरते. आपल्याकडे जुलैत दारे उघडी असलेल्या शेडमध्ये ही स्थिती दिवसेंदिवस असते.

डोळ्यांना दिसते ते एवढेच : चकचकीत थरावर दुधी साय. कामगार बोट लावून बघतो आणि म्हणतो, सुकले. ते सुकलेले नसते, भिजलेले असते. मग कोणीतरी टेबलफॅन आणून रॅकसमोर ठेवतो. फॅनने सॉल्व्हंट आणखी वेगाने उडतो, थर आणखी गार होतो आणि दव आणखी धरते. फॅन ठेवून मशीनला शिव्या घालणारे कारखाने गोव्यात एक-दोन नाहीत.

करायचे ते असे. पेस्टिंगच्या (सोल्युशन लावायच्या) जागेत भिंतीवर आर्द्रतामापक लावा आणि दर तासाला आकडा वहीत लिहा. पेस्टिंग ते प्रेस एवढा पट्टा बंद खोलीत घेऊन डीह्युमिडिफायरने आर्द्रता 65 टक्क्यांच्या आसपास ठेवा. मात्र त्या खोलीत ताज्या हवेची सोय आणि वाफ ओढणारे एक्झॉस्ट हवेच, नाहीतर ओलावा घालवायला जाल आणि वाफांची कोंडी करून बसाल. ते जमत नसेल तर 50 ते 60 अंशांच्या गरम हवेचे ड्राइंग टनेल घ्या. उबदार थरावर दव धरत नाही. सोल आणि अप्पर पेस्टिंगआधी तासभर कोरड्या, कोमट कपाटात ठेवा, कारण चामडे स्वतःच ओलावा पिऊन बसलेले असते. आणि एसी गोदामातले सोल थेट दमट शेडमध्ये आणून लगेच लावू नका. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखे ते घामेजतात.

पुढची फसगत ॲक्टिव्हेटरवर, म्हणजे सुकलेला थर जोडण्याआधी दिव्याने तापवणाऱ्या यंत्रावर होते. पॅनेलवर दिसणारा आकडा हीटरचा किंवा आतल्या हवेचा असतो, थराचा नव्हे. पीयू थर जागा व्हायला त्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 55 ते 70 अंश लागते. ते तापमान दाखवणारे मेणाचे खडू मिळतात. थरावर रेघ ओढा. रेघ वितळली तर तेवढे तापमान गाठले. काळा सोल आणि पांढरा सोल एकाच दिव्याखाली सारखे तापत नाहीत, म्हणून प्रत्येक रंगाला वेगळी चाचणी. दिव्याखालून काढल्यावर काही सेकंदांत जोडून प्रेसमध्ये गेला पाहिजे. गप्पा मारत जोडलेला बूट प्रेसमधून कितीही दाबून काढलात तरी उपयोग नाही.

सुटलेला बूट फेकून देऊ नका, वाचा. सोल्युशन सगळे सोलवर राहिले आणि अप्पर कोरा निघाला : रफिंग (चामडे खरवडणे) उथळ आहे, किंवा चामड्याचे तेल वर आले आहे. सगळे अप्परवर राहिले : सोल साच्यातून सुटावा म्हणून लावलेले रिलीज एजंट त्यावर शिल्लक आहे, किंवा रबराचे हॅलोजनेशन (गोंद धरावा म्हणून करायची रासायनिक प्रक्रिया) झालेले नाही वा जुन्या द्रावाने झाले आहे. दोन्हीकडे थर शाबूत, गुळगुळीत, चकचकीत : ॲक्टिव्हेशन कमी पडले किंवा जोडायला उशीर झाला. दोन्हीकडे दुधी : वर सांगितलेला ओलावा. चामड्याचेच तंतू उपटून आले तर सोल्युशनने आपले काम केले आहे. तुमचा बूट टाचेकडून उघडतो, तेव्हा टाचेच्या खोबणीत ब्रश पोहोचतो का आणि प्रेसचा पॅड तिथे टेकतो का, हेही पाहा. सोल्युशन न लावता कोरड्या बुटात कार्बन पेपर आणि कोरा कागद ठेवून प्रेस मारा. जिथे ठसा फिका, तिथे दाब नाही.

सेफ्टी शूजच्या आयएस 15298 भाग 2 या भारतीय मानकात अप्पर-सोल जोडाची ताकद किमान 4 न्यूटन प्रति मिलिमीटर मागितली आहे; सोल स्वतःच फाटत असेल तर 3. हाताने ओढून हा आकडा कळत नाही. जोडल्यावर दोन-तीन दिवस थांबा आणि नमुने चेन्नई किंवा आग्र्याच्या सीएफटीआयसारख्या (केंद्रीय पादत्राणे प्रशिक्षण संस्था) प्रयोगशाळेत पाठवा. त्याआधी सोल्युशन कंपनीच्या तांत्रिक माणसाला शेडवर बोलवा. विक्री प्रतिनिधीला नव्हे, तांत्रिक माणसाला, आणि तेही पावसाच्या दिवशी.

प्रश्न : निओप्रीन (कृत्रिम रबराचे) सोल्युशन घट्ट झाले तर पेट्रोल घालून पातळ करता येते का? (डिचोली)

उत्तर : नाही. पत्रकात लिहिलेला थिनरच घाला. जेलीसारखे झाले असेल तर तेही नको. ते टाकाऊ, आणि टाकाऊ म्हणजे गटारात ओतायचे नव्हे.

प्रश्न : रेक्झिनच्या पट्ट्या निओप्रीनने लावल्या. दोन-तीन महिन्यांत जोड लोण्यासारखा मऊ झाला. (म्हापसा)

उत्तर : रेक्झिन बहुधा पीव्हीसीचे असणार. त्यातला प्लास्टिसायझर (पीव्हीसी लवचिक ठेवणारे द्रव्य) हळूहळू निओप्रीनमध्ये उतरतो आणि त्याला मऊ करतो. पीव्हीसीला पीयू वापरा आणि पुरवठादाराकडून पट्टीचे मटेरियल कोणते ते लेखी घ्या.

प्रश्न : चपलांचा छोटा कारखाना आहे, दिवसाला साठेक जोड. जुने रोलर ग्लूइंग मशीन स्वस्तात मिळतेय. घ्यावे का? (फोंडा)

उत्तर : साठ जोडांना ब्रश पुरतो. रोलरचा फायदा इनसोल, सॉक-लायनिंग अशा सपाट तुकड्यांना आणि तेही मोठ्या संख्येत. घ्यायचेच असेल तर आधी रोलर हाताने फिरवून पट्टी लावून पाहा : मध्ये झिजला असेल तर थर कडेला पातळ आणि मध्ये जाड येतो. स्क्रेपरची (जादा सोल्युशन खरवडणाऱ्या पट्टीची) फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) 0.2 मिलिमीटरपासून सुरू करून दोन्ही टोकांना सारखी येते का ते तपासा. दहा इनसोल लावण्याआधी आणि लगेच नंतर तोला, म्हणजे नगाला किती सोल्युशन जाते हे कागदावर येईल. मोटर आणि स्विच फ्लेमप्रूफ (आतली आग बाहेर न जाऊ देणारे) आहेत का, हा प्रश्न मात्र तुम्ही सोडवायचा नाही. परवानाधारक वायरमनला दाखवा. जुन्या मशीनवर रंग ताजा असेल तर दुप्पट संशय घ्या. समुद्राच्या हवेतला गंज रंगाखाली छान लपतो.

प्रश्न : विक्रेता म्हणतो हेच मशीन सॉल्व्हंटलाही चालते आणि वॉटर-बेस्डलाही. खरे आहे? (वेर्णा)

उत्तर : कागदावर. पाण्याचे पीयू डिस्पर्शन (पाण्यात तरंगणारे पीयूचे बारीक कण) साध्या लोखंडी टाकीत ठेवले की गंज उतरतो, म्हणून ओले भाग स्टेनलेस किंवा प्लास्टिकचे हवेत. गिअर पंपाने ते रगडले गेले की आत दह्यासारख्या गुठळ्या होतात. त्याला डायफ्रॅम पंप लागतो. पाणी सॉल्व्हंटपेक्षा सावकाश उडते, म्हणून सुकवण्याचा बोगदा लांब किंवा जास्त गरम हवा. एकातून दुसऱ्यावर जाताना नळ्यांत उरलेले थोडे सॉल्व्हंटसुद्धा डिस्पर्शन फोडते. आणि नैसर्गिक लॅटेक्स चालवणार असाल तर पितळी-तांब्याचे फिटिंग नकोच, तांबे रबराला कुजवते. विक्रेत्याला एकच सांगा : तुमचे सोल्युशन, तुमचा सोल, आठ तास सलग चाचणी, मग पैसे. तो कारणे सांगू लागला की उत्तर मिळाले.

प्रश्न : टो-लास्टिंग मशीनचा (अप्परचे टोक साच्यावर ओढून चिकटवणाऱ्या मशीनचा) हॉटमेल्ट, म्हणजे वितळवलेल्या गोंदाचा, नोझल रोज सकाळी तुंबतो. काळे कण येतात. (थिवी)

उत्तर : मशीन रात्रभर किंवा जेवणाच्या सुट्टीत पूर्ण तापमानावर ठेवता, म्हणून गोंद करपतो. थांबताना स्टँडबायवर उतरवा आणि रात्री बंद करा. सकाळी पूर्ण वितळल्याशिवाय पंप सुरू केला तर पंपाच्या शाफ्टची चावी (की) तुटते, म्हणून ती घाईही नको. फिल्टर काढून साफ करा, अर्धे दुखणे तिथेच असते. नोझल गरम असतानाच भोकापेक्षा बारीक पितळी तारेने मोकळा करा. ड्रिल घालू नका, गॅसची ज्योत दाखवू नका. भोक मोठे झाले की धार कायमची बिघडते. पॉलिएस्टरवरून पॉलिअमाइडवर गेला असाल तर आधी पूर्ण रिकामे केले होते का? आणि पॉलिअमाइडच्या कांड्या पावसात उघड्या ठेवल्या तर ओलावा पितात, मग नोझलमधून फेसाळलेली धार येते. हे सगळे करूनही करपत असेल तर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) खोटे बोलत असेल. सर्व्हिस इंजिनिअर बोलवा. दोनशे अंशांचा गोंद कातडीला चिकटून राहतो, तेव्हा हातमोजे आणि गॉगल घातल्याशिवाय कोणी नोझलला हात लावायचा नाही.

प्रश्न : पेस्टिंगवरच्या एका बाईंच्या पायांच्या बोटांना मुंग्या येतात. सुपरवायझर म्हणतो, गूळ खाल्ला की वास बाधत नाही. (मडकई)

उत्तर : गूळ बाजूला ठेवा. त्यांना आजच त्या टेबलावरून हलवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. सोबत सोल्युशन आणि थिनरच्या डब्यांवरच्या लेबलांचे फोटो द्या. काही स्वस्त सोल्युशनांत आणि थिनरांत एन-हेक्झेन असते. त्याने हातापायांच्या नसा खराब होतात, आणि सुरुवात बहुधा पायांच्या बोटांपासूनच होते. मधुमेहानेही असेच होऊ शकते, म्हणून निदान मज्जारोगतज्ज्ञांनीच करायचे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात दाखवा. इतर कामगारांनाही विचारा. चप्पल पायातून निसटते का? जिना चढताना अडखळायला होते का?

छताला लावलेला एक्झॉस्ट फॅन इथे कामाचा नाही. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टेबलावरून खाली उतरते. ओढ टेबलाच्या मागच्या काठाला हवी, म्हणजे वाफ कामगाराच्या नाकापासून दूर जाईल. कापडी मास्क किंवा एन-95 वाफ अडवत नाहीत. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज लागते आणि तेही संपते. सोल्युशनचे भांडे झाकणाचे घ्या, ब्रशपुरते भोक असलेले. ॲक्टिव्हेटर आणि उघडे सोल्युशन एका टेबलावर नको. ओढीची रचना आणि साठ्याची परवानगी यांसाठी कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाचा सल्ला घ्या. तपासणीला यायची वाट पाहू नका, स्वतः जा.

प्रश्न : दोन पावसाळे कपाटात ठेवलेल्या ट्रेकिंग बुटांचा सोल हातात भुग्यासारखा आला. कोणते सोल्युशन लावू? (पर्वरी)

उत्तर : कोणतेही नाही. पीयू सोल ओलाव्याने आतूनच कुजला आहे. नवा सोल बसतो का ते मोच्याला दाखवा.

प्रश्न : चवथीला कारखाना आठवडाभर बंद असतो. मशीन कसे ठेवावे? (साखळी)

उत्तर : शेवटच्या दिवशी शेवटचा तास पेस्टिंग बंद ठेवा. प्रेशर पॉटची हवा आधी सोडा, मग झाकण. उरलेले हार्डनरवाले सोल्युशन काढून टाका, परत डब्यात नाही. नळ्या आणि ब्रश सोल्युशनच्या स्वतःच्या थिनरने धुवा, थिनर स्वच्छ येईपर्यंत. रोलर धुऊन पुसा, स्क्रेपर सैल करा. तो टेकलेला राहिला तर रबरी रोलरवर खाच पडते. लोखंडी भागांना तेलाचा हात लावा, पण रोलरला आणि लास्टच्या (बुटाच्या साच्याच्या) आसपास तेल नको. तेलाचे बोट सोलवर उमटले की पुढच्या महिन्यात तुम्ही मला पहिला प्रश्न पाठवाल. थिनरच्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात, शेडच्या बाहेर. मुख्य स्विच बंद, कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी काढून टाका. परत आल्यावर पहिले दहा जोड विकायचे नाहीत, फाडून पाहायचे.